शेठचा कान

शेठ मादी निघाला तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली होती. दुकानदारानं छातीठोकपणे नर म्हणून दिलेला तो गिनी पिग. पांढऱ्यावर तपकिरी ठिगळं, पोट सुटलेलं, बसल्या जागी गवत मागवायची सवय. त्याला शेठ सोडून दुसरं नाव शोभलंच नसतं. मग एकदा नखं कापायला नेला असताना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटा धरला आणि शांतपणे सांगितलं की हे शेठ नाहीत, शेठाणी आहेत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. शेठ रुसला, शेठ जेवला, असंच सगळे बोलत राहिले. त्याच्या जोडीला आणखी दोघी होत्या. एक गोल आणि मातकट म्हणून बटाटा, नावापायी तीही 'तो'च झालेली, आणि दुसरी बारीक, काळी, सगळ्यांना धाकात ठेवणारी ताई.

हे तिघं घरात आणले ते घरातल्या मुलानं, आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तोही तोच. एका सकाळी कामावर जायला निघाला, बसथांब्यावर उभ्या उभ्या कोसळला आणि घरी आला तो फक्त तो गेल्याचा फोन. मागे राहिली त्याची बायको, त्याचे वडील आणि शेठ मंडळी.

सून आणि सासरे एका छपराखाली राहत होते खरे, पण त्यांचं एकमेकांशी थेट असं बोलणं कधी नव्हतंच. वाकडं काही नव्हतं. मधे तो होता, त्यामुळे तशी गरजच पडली नव्हती. बाबांना विचार चहा घेणार का, तिला सांग उशीर होईल म्हणून, असं सगळं त्याच्यामार्फत चालायचं. तो गेल्यावर पहिले काही महिने घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मग हळूहळू दोघांना बोलायला विषय सापडला. ती दवाखान्याच्या लॅबमधून संध्याकाळी घरी आली की सासरे सांगायचे, आज शेठनं काकडी तोंडात धरून ताईला हूल दिली. ती चपला काढता काढता विचारायची, मग ताईनं काय केलं. एवढ्यावर अर्धा तास सहज निघायचा. तिचा भाऊ फोन करकरून सांगत होता की आता तिथं तुझं कोण आहे, इकडे ये. ती 'बघू' म्हणायची. का जात नाही हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

सासऱ्यांचा जन्म दारं-खिडक्या बनवण्यात गेलेला. कारखान्यात शेवटी शेवटी तर अवघड चौकट आली की त्यांनाच हाक पडायची. त्यांनी या तिघांसाठी तीन मजली घर केलं होतं, एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचांवर बसवलेलं. वर चढायला उतरण, झोपायला कोनाडे, खाली ओढता येणारा पत्र्याचा ट्रे. उन्हाळा वाढला आणि आतल्या खोलीत जीव नकोसा व्हायला लागला, तेव्हा दोघांनी मिळून ते घर उचलून मागच्या पडवीत नेलं. तिथं वारा होता, सावली होती. पलीकडे जुन्या विटांचा ढीग, पडझड झालेली कुंपणभिंत आणि सासरे जिथं वापरलेलं गवत टाकायचे तो खड्डा. तिघं तिथं खूश होते. संध्याकाळी उजेड उतरायला लागला की एका सुरात शिट्ट्या मारायचे.

शेठच्या उजव्या कानाच्या टोकाला गाठ दिसली ती पहिल्यांदा सासऱ्यांना. ज्वारीच्या दाण्याएवढी, गुलाबीसर. ताईनं चावा घेतला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि ताईला दोन शब्द सुनावले. सुनेनं घरातलं मलम लावलं. गाठ गेली नाही. वर खपली धरली, खपली पडली, खाली ओलं राहिलं, पुन्हा खपली धरली. बघता बघता कानाची कडच कुरतडल्यासारखी दिसायला लागली. शेठ मात्र खात होता, शिट्ट्या मारत होता, त्यामुळे कोणी फार मनावर घेतलं नाही.

मग डाव्या कानालाही तसंच झालं, तेव्हा त्यांनी त्याला टोपलीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई कुत्र्या-मांजरांच्या, पण मनानं फार चांगल्या. त्यांनी आधी खरजेचं औषध दिलं. त्यानं काही फरक पडेना, म्हणून बुरशीचं दिलं. त्यानंही पडेना, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या की आता जखमेच्या कडेचं थोडं खरवडून बघायला पाहिजे. सून म्हणाली, मी बघते, माझं तेच काम आहे.

तिचं खरंच तेच काम होतं. रक्त, थुंकी, लघवी, जे येईल ते काचेवर पसरायचं, रंगवायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं आणि दिसेल ते लिहायचं. इतकी वर्षं ती हे करत होती, पण एकही काच तिच्या घरातली नव्हती. लॅबच्या मोठ्या डॉक्टरांना तिनं विचारलं तेव्हा ते हसले, उंदराची काच का, आण की, म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत तिनं काच रंगवली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

आधी नुसता गदारोळ होता, जखमेत असतो तसा. मग तिनं काच थोडी सरकवली आणि तिचा हात थांबला. मोठाल्या पेशी, आणि त्यांच्या पोटात गच्च भरलेले बारीक लांबट दाणे. प्रत्येक दाण्यात एक गोल ठिपका, ठिपक्याला लागून एक आखूड काडी. शिकताना पुस्तकात पाहिलेलं, परीक्षेत चित्र काढलेलं. माणसाच्या काचेवर तिला हे आजवर कधी दिसलं नव्हतं. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते उभ्या उभ्याच वाकले, मग खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"वाळूमाशीचं काम आहे हे," ते म्हणाले. "छान रंगवलीस काच. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवू?"

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार. काच खरोखरच सुंदर आली होती, आणि त्या सुंदरपणाचंच तिला कसंतरी झालं. उरलेला डबा तिनं बंद करून ठेवला.

संध्याकाळी तिनं सासऱ्यांना समजावून सांगितलं. डासापेक्षा कितीतरी बारीक माशी असते, अंगावर केस असलेली, आवाज न करणारी. उडते कसली, टुणटुण उड्या मारते. भिंतींच्या भेगांत, ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात वाढते आणि दिवस मावळला की बाहेर पडते. तिच्या चावण्यातून एक जीव अंगात शिरतो आणि कातडीत घर करतो. कान, नाक, पाय, जिथं केस कमी तिथं माशीला चावायला सोपं.

सासरे ऐकत होते. त्यांनी पडवीकडे पाहिलं, विटांच्या ढिगाकडे, खड्ड्याकडे.

"ती चिलटं?" त्यांनी विचारलं. "ती तर नेहमीचीच आहेत."

"तीच असतील, बाबा."

"मी रोज बघतो त्यांना. हातानं वारतो."

ते उठले, मागे गेले आणि तिघांचं घर एकटेच ओढत आत आणायला लागले. ती धावत मदतीला गेली. दोघांनी ते पूर्वीच्या खोलीत, खिडकीपासून लांब नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी स्वतःला जे कामाला जुंपून घेतलं ते बघवत नव्हतं. विटा एक एक करून पुढच्या अंगाला नेल्या. खड्डा उपसला, उन्हात वाळवला, बुजवला. कुंपणभिंतीच्या भेगा सिमेंटनं लिंपल्या, घराच्या मागच्या भिंतीच्या लिंपल्या. इतक्या वयाचा माणूस, गुडघे दुखणारे, पण ऐकेल तर शपथ. ती लॅबमधून परतायची तेव्हा हात कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले असायचे आणि ते विचारायचे, आता कुठून येतील सांग. भिंतीच्या पलीकडे शेजारच्यांची जागा होती, तिच्यापलीकडे नाला, नाल्यापलीकडे दुसऱ्यांच्या भिंती. ती म्हणायची, छान झालं हो.

त्यांनी तिघांच्या घराला मच्छरदाणीचा कापडी डगला शिवला. चौकट, त्यावर ताणून बसवलेली जाळी, पुढे उघडता येणारं दार. असं काम की बाजारात मिळणार नाही. सकाळी तिनं सहज टॉर्च मारून पाहिलं तर जाळीच्या आत, लाकडावर, पंख वर करून बसलेल्या दोन-चार माश्या. मच्छरदाणीची भोकं डासाच्या मापाची. या बयांना त्यातून आरामात वाट होती. तिनं सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी जाळीला बोट लावून पाहिलं आणि टाके उसवायला बसले.

जाळीच्या जागी मलमल आली. मलमलीतून माशी जात नव्हती, पण वाराही जात नव्हता. दुपारी तिघं पसरून पडायचे, तोंडं उघडी, फासळ्या भात्यासारख्या. सासरे कापड ओलं करायचे, पंखा लावायचे, बर्फाची बाटली आत ठेवायचे. संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या की घराची भट्टी व्हायची. सुनेला वाटायचं, आपण या मुक्या जीवांना नक्की कशापासून वाचवतोय आणि कशात लोटतोय.

औषधाचं विचारायला ती डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेली. बाईंनी काही लपवलं नाही. माणसांसाठी या रोगाच्या सुया असतात, त्या सरकारी कुलपात, आणि एवढ्याशा जीवाला त्या दिल्या तर रोगाआधी सुईच नेते. कुत्र्यांना युरिक अ‍ॅसिडवरची साधी गोळी देतात, तिचा अंश देऊन बघता येईल, पण त्यावर भरवसा ठेवू नका. काही वेळा या प्राण्यांचं आपसूक बरं होतं, असंही कुठंतरी वाचलंय. आणि बरं होत नसेल, हाल व्हायला लागले, तर मग एकच उरतं. ते काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

घरी येऊन तिनं फक्त गोळीचं सांगितलं. बरं होतं कधी कधी, हेही सांगितलं. उरलेलं गिळलं.

रोज सकाळी गोळीचा चुरा पाण्यात खलायचा आणि बिनसुईच्या सिरिंजनं शेठच्या गालात सोडायचा, हे सासऱ्यांनी आपल्याकडे घेतलं. शेठला ते अजिबात खपत नसे. तो लाथा झाडायचा, तोंड फिरवायचा, अर्धं औषध सासऱ्यांच्या बनियनवर. ते त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत बसायचे. घ्या शेठ, एवढं घ्या, मग हिशोब मिटला. एक आठवडा असा आला की कानांवरची ओल सुकली, खपली टणक झाली. सासरे तिला दारातच म्हणाले, धरलंय औषधानं. त्यांचा चेहरा असा उजळलेला तिनं कितीतरी दिवसांनी पाहिला. तिनं वाकून पाहिलं आणि तिलाही तसंच वाटलं. लॅबमध्ये रोज शंभर काचांवर विश्वास न ठेवणारी बाई, पण त्या संध्याकाळी तिनं एका खपलीवर विश्वास ठेवला.

त्याच सुमारास सासऱ्यांच्या मनगटाच्या वर एक गाठ उठली. ते बाहीखाली लपवत होते. पाण्याचा तांब्या घेताना बाही सरकली आणि तिला दिसली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की जनावराला हात लावल्यानं हा रोग लागत नाही. माशी चावली तर मात्र, जनावरातला प्रकार माणसाला होतो की नाही हे ठामपणे कोणी सांगू शकणार नाही. आणि माशी तर याच घरात होती. सासरे नको नको म्हणत होते. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात धरला, खुर्चीत बसवलं आणि कड खरवडून घेतली. त्यांचा हात लाकडासारखा कडक होता.

ती काच तिनं जेवणाची सुट्टी संपून गेल्यावरही बघितली. एक एक कोपरा, पुन्हा पहिल्यापासून. काही सापडलं नाही. मोठ्या डॉक्टरांनाही सापडलं नाही. साधं गळू आहे म्हणाले, आणि निघालंही तसंच. चार दिवसांत फुटलं, सुकलं, डागसुद्धा राहिला नाही.

सासऱ्यांना त्याचा आनंद झाला नाही. ते हात पुढे करून बसले होते, बरी झालेली कातडी बघत. शेजारी मलमलीआड शेठ. त्याची ती टणक खपली तोवर गळून पडली होती. खालचा कान अर्ध्यावर आला होता आणि आता नाकावर सूज धरायला लागली होती.

"माझं आपोआप गेलं," ते म्हणाले. "सत्तरीच्या माणसाचं. त्याचं का जात नाही?"

तिला सगळं माहीत होतं. तो जीव कसा दिसतो, कुठं राहतो, कसा दुणावतो. यातल्या कशातच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते तुमचं वेगळं होतं बाबा, एवढंच ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नाही.

मग बटाट्याचं झालं. एका रविवारी ट्रे साफ करताना सुनेला त्याच्या पुढच्या पायाच्या बोटाशी गुलाबी फुगवटा दिसला. तिनं ट्रे आत सरकवला, हात धुतले, चहा टाकला. सासऱ्यांना आज नको, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. रोज ती गवत टाकण्याच्या निमित्तानं बटाट्याचा तो पाय झाकून टाकायची. आठवडाभरानं ती गवत पसरत असताना सासरे मागून म्हणाले, "झाकू नकोस, पोरी. मला कधीचंच दिसलंय."

"कधी?"

"तुझ्या आधी. म्हटलं, तुला कशाला सांगा."

दोघं तिथंच जमिनीवर बसून राहिले. आत बटाटा आपला पाय चाटत होता. ताई वरच्या मजल्यावर पाठ करून बसली होती. तिच्या कानाला, नाकाला, पायाला काही म्हणजे काही नव्हतं.

शेठचं खाणं सुटलं. नाक सुजून बंद झालं होतं, त्यामुळे त्याला चावायचं आणि श्वास घ्यायचा हे एकदम जमेना. सासरे काकडी किसून, पाण्यात कालवून सिरिंजनं भरवायचे. आधी लाथा झाडणारा शेठ आता झाडत नव्हता. गालात सोडलेलं गालातच राहायचं, कडेनं ओघळायचं. पुढचे पाय टेकवेनात म्हणून तो छातीवर पडून असायचा. सासरे हिशोबाचं बोलणं बोलायचे थांबले. नुसते बोटानं त्याच्या कपाळावरून, जिथं कातडी शाबूत होती तिथून, मागे मागे कुरवाळत राहायचे.

भावाचा फोन आला तेव्हा तिनं पहिल्यांदा त्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला की उंदरांपायी एवढं, दे सोडून कुठंतरी आणि निघून ये. तो वाईट नव्हता. दुसरं कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं. तिनं फोन ठेवला आणि बाहेर आली तर सासरे तयार होऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, मांडीवर टोपली.

"चल," ते म्हणाले. "तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तुला जे सांगितलं आणि तू मला सांगितलं नाहीस, ते करून टाकू."

तिला विचारायचं होतं की तुम्हाला कसं कळलं. पण अशा माणसाला न कळायला काय झालं. तिनं पर्स घेतली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. आधी झोपेचं देऊ, मग दुसरं, त्याला कळणार नाही. बाहेर थांबायचं असेल तर थांबा. सासरे थांबतो म्हणाले, इथंच थांबतो. त्यांनी शेठला टेबलावर न ठेवता छातीशी धरलं, तसंच टोचा म्हणाले. सून त्यांच्या शेजारी उभी होती. ती रोज रक्त काढणारी, माणसं सुई बघून डोळे मिटतात तेव्हा त्यांना हसून धीर देणारी. बाईंनी सिरिंज उचलली आणि तिला एकदम तिथं उभं राहवेना. ती दार ढकलून बाहेर आली. बाकावर एक बाई मांजर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, तुमचं कुत्रं का. सून नाही म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बसथांब्यावर तिचा नवरा पडला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं खूप जणांना विचारलं होतं. दार उघडून सासरे बाहेर आले तेव्हा टोपली त्यांच्या हातात होती आणि शर्टाच्या खिशापाशी ओला डाग होता.

"एकदम झोपला," ते म्हणाले. "मी होतो." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "बरं झालं तू बाहेर आलीस."

मागच्या अंगणात, जिथं आधी खड्डा होता तिथंच त्यांनी शेठला पुरलं. दिवस मावळायच्या आत पुरा, असं तीच म्हणाली, माश्या सुटतील म्हणून. सासऱ्यांनी माती दाबून दाबून बसवली.

बटाट्याला डॉक्टरीणबाईंकडे न्यायची वेळ आली नाही. तीच गोळी, तेच कालवलेलं खाणं सुरू होतं. एका सकाळी तो कोनाड्यात आडवा झालेला सापडला. जखमा शेठएवढ्या नव्हत्या, पायाची तर सुकत आली होती. उकाड्यानं गेला, की औषधानं, की शेठ नव्हता म्हणून, काही कळायला मार्ग नव्हता. सुनेनं त्याच्या पायाची काच करून बघावी असं क्षणभर मनात आणलं. मग नाही केली. कळून तरी काय करणार होती.

उरली ताई. तीच हवा, तेच घर, तीच चिलटं, आणि तिला काही झालं नाही. असं का हे मोठ्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. माशी तिला चावली नसेल, चावली असली तरी अंगानं दाद दिली नसेल, असं काहीसं ते म्हणाले. सुरुवातीला सासरे सकाळ-संध्याकाळ तिला तळहातावर घेऊन कान उजेडात धरून बघायचे. कान स्वच्छ. कागदासारखे पातळ, आतल्या शिरा दिसणारे.

पण ताई शिट्टी मारायची थांबली. तीन मजली घरात ती एकाच कोपऱ्यात बसून असायची. काकडी ठेवली की लगेच यायची ती आता यायची नाही. दुसऱ्या दिवशी सुकलेली फोड काढून टाकावी लागायची. अंगावरचे केस निस्तेज झाले, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. तिला परत टोपलीत घालून नेली. डॉक्टरीणबाईंनी कान, दात, पोट सगळं तपासलं आणि म्हणाल्या की तिला आजार नाही. हे कळपातले जीव आहेत. एकटे राहिले की असेच वाळत जातात. सोबतीला एखादी आणा.

येताना रस्ताभर दोघांच्या डोक्यात तेच घोळत होतं. आणायची म्हणजे कुठं आणायची. त्याच घरात, त्याच भिंतींच्या मधे, जिथं संध्याकाळी टॉर्च मारला की अजूनही एखादी पंख वर करून बसलेली दिसायची. धडधाकट जीव विकत आणायचा आणि मलमलीआड ठेवून त्याच्या कानाकडे बघत बसायचं. कोणाला तरी ताईच देऊन टाकावी म्हणून सुनेनं लॅबमध्ये विचारलं. पण त्या काचेची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. विद्यार्थी येऊन बघून जात होते. रोग असलेल्या घरातली नको, असं ज्यांना म्हणवलं नाही त्यांनी आमच्याकडे मांजर आहे असं सांगितलं.

त्या संध्याकाळी खिडक्या लावून झाल्या होत्या. सासऱ्यांनी आपली खुर्ची ओढून ताईच्या घराला लावली होती आणि मलमलीवरून हात ठेवून बसले होते. ती चहा घेऊन आली.

"हिचं काय करायचं, सांग," ते म्हणाले. "तुला यातलं कळतं."

"मला नाही कळत, बाबा."

ती चहा हातात देऊन तिथंच खाली बसली. आत ताईनं जागा बदलली, गवत थोडं सळसळलं. दोघांनीही कान दिला. पुढं काही ऐकू आलं नाही. खोलीत उकडत होतं. सासऱ्यांनी पंख्याचं तोंड ताईच्या बाजूला वळवलं आणि चहा निवत ठेवून पुन्हा कापडावर हात ठेवला.